एवढासा ‘ना’

ड्रायरमधून काढलेले कपडे अजून ऊन होते. ईश्वर मेश्राम टोपली पोटाशी धरून बोळातून येत होते आणि त्या उबेनं त्यांना उगाचच बरं वाटत होतं, तेवढ्यात पुढच्या खोलीतून मराठी ऐकू आलं. "ये ना. ये ना इकडे. घाबरू नको ना, मी आहे ना." ईश्वर जागच्या जागी थांबले. त्यांची मुलगी उपासना ऑफिसात होती, जावई अतुल कामासाठी टेक्ससला गेलेला, टीव्ही बंद होता. घरात राहिली ती नात, केया, आठ वर्षांची. आणि ती तर मराठी बोलत नव्हती. निदान ईश्वरना गेलं वर्षभर तसंच वाटत होतं. त्यांनी मान पुढे काढून पाहिलं. केया काचेचं सरकतं दार हातभर उघडून उकिडवी बसली होती आणि बाहेरच्या ओल्या फळ्यांवर शेजाऱ्यांचं तांबूस मांजर अंग चोरून उभं होतं. "तू ओली झाली? कोण केला तुला ओली? पाऊस केला? पाऊस ना, असाच करते. काल माझा शूजमध्ये पण गेली." मांजरानं एक पाय उचलून झटकला. "हो ना? घाण वाटते ना? मग आत ये ना, वेडाबाई."

वेडाबाई! हा शब्द तिनं कुठून आणला? ईश्वर दोन पावलं मागे सरले, आपल्याच लेकीच्या घरात चोरासारखे, आणि आवाज न करता आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. टोपली मांडीवर तशीच राहिली. मग हातांनी आपलं काम सुरू केलं, मोज्याला मोजा लावणं, बाह्या आत घेणं, आणि मन भलतीकडेच धावलं. आधी आनंदच झाला, निव्वळ आनंद. घरभर शोधलेली वस्तू आपल्याच खिशात निघावी तसा. पोरीकडे भाषा आहे! नुसती आहे असं नाही, ती तिच्यात लाड करू शकते, तक्रार करू शकते, कोणाला वेडाबाई म्हणू शकते. लिंग चुकलं, विभक्ती चुकली, पण चाल बरोबर होती. तो ‘ना’ जिथे पडायला हवा तिथेच पडत होता, आणि त्याला तर कोणी शिकवत नाही. तीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण ‘ना’ कुठे लावायचा हे त्यांनी एकाही पोराला शिकवलं नव्हतं. पोरं तो आईच्या कडेवरून घेऊनच शाळेत येतात. असा तो आनंद चांगला दोन उशांचे अभ्रे घडी करून होईपर्यंत टिकला. मग त्याच्यातच एक बारीक कुसळ टोचलं. मांजराशी बोलते. मग माझ्याशी का नाही?

माझ्याशी ती बोलते ते ‘येस आजोबा’, ‘नो आजोबा’, ‘ओके आजोबा’. गोड बोलते, मान तिरकी करून बोलते, पण हॉटेलातला वेटर जसा गोड बोलतो तसं. ईश्वरनी आजवर याचा दोष सरसकट अमेरिकेला दिला होता. इथली शाळा, इथली कार्टूनं, हा सदानकदा रिपरिपणारा पाऊस, ज्याच्यामुळे पोरं अंगणात जात नाहीत आणि चार म्हाताऱ्यांच्या तोंडची भाषा त्यांच्या कानावर पडत नाही. रविवारी नागपूरला बहिणीला फोन लावला की ‘जय भीम’ झाल्या झाल्या ते हेच सांगत. "पोरगी गुणाची आहे गं, पण मराठी गेली तिची." आता गेली कुठे? ती तर काचेच्या दारापाशी उकिडवी बसली होती.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. केया आपलं ताट घेऊन आधीच उठली होती. "तुला माहीत आहे का, ती मांजराशी मराठीत बोलते?"

"हो, रोज," उपासना म्हणाली. "आणि झाडांशी. आणि तिच्या त्या कापडी अस्वलाशी. बाबा, तुम्हाला आज कळलं?"

"मग माझ्याशी काहून नाही बोलत?" एरवी प्रमाण भाषा बोलणारे ईश्वर मनाला लागलं की गावाकडच्या बोलीत उतरत.

उपासनानं आमटीत चमचा फिरवला. तिला हसू येत होतं आणि ते ती गिळत होती. "मला नका विचारू. मीपण तुमचीच विद्यार्थिनी आहे. मी तिच्याएवढी असताना तुमच्याकडे फ्रॉक कसा मागायचे, आठवतं? आधी आईसमोर प्रॅक्टिस करायचे."

ईश्वरना आठवत होतं. ‘बाबा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नेसायला मला एक पिवळा फ्रॉक हवा आहे.’ केवढं सुंदर वाक्य! त्यांनी तेव्हा मिठीच मारली होती लेकीला, आणि फ्रॉक घालतात, नेसत नाहीत, एवढंच सुधारलं होतं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर एक ओळ छापलेली असते: पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा. बाकीच्या गुरुजींनी ती कागदावरच ठेवली. मेश्राम गुरुजींनी ती जिभेवर आणली. वैनगंगेच्या काठच्या ज्या ज्या जिल्हा परिषद शाळेत त्यांची बदली झाली, तिथे तिथे ती त्यांच्याबरोबर गेली. पोरगं उभं राहून म्हणायचं, "गुरुजी, पाणी." गुरुजी कपाळाला हात लावत. "पाणी काय? पाणी आलं? पाणी गेलं? पाण्याला लग्नाला बोलावलं?" वर्ग खदाखदा हसायचा, पोरगंही हसायचं, आणि मग छाती काढून म्हणायचं, "गुरुजी, मला तहान लागली आहे, मी पाणी प्यायला जाऊ का?" की गुरुजी स्वतः उठून माठातलं पाणी पेल्यात ओतून त्याच्या हातात देत. पूर्ण वाक्य बोललेल्याला गुरुजींच्या हातचं पाणी, असा रिवाजच पडला होता. पुढे पोरं तहान नसतानाही उभी राहत.

पूर्ण वाक्याच्या या हट्टामागे जाईबाई होती. त्यांची आई. ती लोकांच्या धानात राबायची, आणि मालकाच्या ओसरीसमोर तिला एकच शब्द येत असे, "जी." काम दिलं, जी. काम नाही, जी. उद्या ये, जी. आणि घरी आली की तीच बाई चुलीपुढे बसून अख्ख्या गावाच्या म्हशींची वंशावळ सांगायची, हसून हसून फुंकणी हातातून पडायची. लहानपणी ईश्वरला वाटे आपल्याला दोन आया आहेत. एक ओसरीसमोरची, एक चुलीपुढची. ती दुसरी आपली सगळी वाक्यं तिकडे जाताना कुठे ठेवत असेल? एकदा त्यानं विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं ते त्याला जन्मभर पुरलं. "तू पुरं बोलत जाय, बापू. अर्धं बोललं का बाकीचं अर्धं दुसरा बोलते, अन् थे आपल्या मनातलं नसते." म्हणून पूर्ण वाक्य. ते व्याकरण नव्हतंच. तो माणसाचा ताठ कणा होता, आणि तो कणा त्यांनी शेकडो पोरांच्या पाठीत बसवून दिला होता. त्यातली काही आज तहसीलदार होती.

मग केयाच्या बाबतीत काय बिनसलं? ते अंथरुणावर पडून एकेक दिवस उलगडू लागले आणि थेट विमानतळापर्यंत गेले. मागच्या वसंतात ते इथे उतरले तेव्हा पोरगी गर्दीतून धावत आली होती, कमरेला मिठी मारून वर पाहत म्हणाली होती, "आजोबा, चॉकलेट?" आणि आपण काय म्हणालो? हसून, अगदी प्रेमानं, "चॉकलेट काय? चॉकलेटला ताप आला?" तीही हसली होती. "आजोबा, चॉकलेट आणला?" "आणलं का." "आणलं का?" "आता पूर्ण." "आजोबा चॉकलेट आणलं का?" "तुम्ही माझ्यासाठी चॉकलेट आणलं आहे का, असं." वाक्य पूर्ण होईस्तोवर सामान गाडीत चढलं होतं आणि पोरगी आईच्या मांडीवर झोपली होती. चॉकलेट दुसऱ्या दिवशी दिलं. तेव्हा वाटलं होतं, काय छान सुरुवात झाली! नंतरचे महिने आठवले तर त्यात कुठे मोठा प्रसंग नव्हता, एखादी वाट गवतानं बुजत जावी तसं होतं. तिचे प्रश्न आखूड होत गेले. मग प्रश्नांऐवजी बोट दाखवणं. मग बोटाऐवजी इंग्रजी. इंग्रजीत ते सुधारणा करत नसत, इंग्रजी त्यांची नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून तिला घेऊन येताना त्यांनी सरळ विचारलं. रस्त्याकडेच्या उंच झाडांच्या खोडांवर हिरवं शेवाळ चढलं होतं, पाऊस नव्हता पण फांद्या आपला साठा टपटप खाली सोडत होत्या. "केया, तू मांजराशी मराठीत बोलतेस. छान बोलतेस."

तिचा चेहरा एकदम चोरी पकडल्यासारखा झाला. "आर यू मॅड?"

"नाही गं. मला आनंद झाला. पण माझ्याशी का नाही बोलत?"

ती बुटानं एक पाइनचं बोंड ढकलत चालत राहिली, दहा-वीस पावलं तेच बोंड. मग खालीच बघत म्हणाली, "द कॅट डझन्ट मेक मी स्टार्ट ओव्हर."

मांजर मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावत नाही. एवढंच. रागानं नाही, तक्रारीनं नाही, हवामान सांगावं तसं. ईश्वर "हं" म्हणाले. वर्गातलं पाणी, पेला, हसणारी पोरं, सगळं एकदम आठवलं, आणि प्रथमच त्यांच्या ध्यानात आलं की त्या पोरांकडे वर्गाबाहेर गाव होतं. गुरुजींपुढे पूर्ण वाक्य बोलून झालं की ती पोरं बांधावर जाऊन दिवसभर अर्धी, पाव, मोडकी वाक्यं बोलायला मोकळी होती. केयाकडे मराठीचा बांध कुठला? एक मांजर, एक अस्वल, आणि एक आजोबा, जो चोवीस तास वर्गच होता.

कळलं, पण कळणं निराळं आणि जिभेची सवय निराळी. त्याच संध्याकाळी केया ओट्यापाशी येऊन म्हणाली, "आजोबा, वॉटर," आणि ईश्वरच्या तोंडून "वॉटर काय?" निघून गेलं. त्यांनी स्वतःची जीभ चावली. पण पोरगी तोवर नळाकडे गेली होती.

त्या आठवड्यात गावातल्या वाचनालयाची चिठ्ठी आली. फेब्रुवारीत मातृभाषांचा दिवस असतो, त्या निमित्तानं रविवारी दुपारी प्रत्येक घरानं आपल्या भाषेतला एक छोटा शब्द घेऊन यायचा आणि मुलांना त्याच्याबद्दल सांगायचं, जितका छोटा तितका बरा. उपासनानं आजोबा आणि केया अशी दोन नावं कळवून टाकली. "बाबा, तुम्हाला वर्ग मिळतोय, सोडू नका," ती म्हणाली. शब्द ईश्वरनी निवडला. आई, घर, ऊब असे पुष्कळ शब्द रांगेत होते, पण त्या दिवसापासून त्यांच्या कानात एकच वाजत होता. ‘ना’. का निवडला ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मनात मात्र एक वेडी आशा होती, की हा शब्द तर पोरीचाच आहे. त्याच्या बोटाला धरून ती कदाचित माझ्यापर्यंत येईल.

रविवारी पाऊस जोरात होता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ओल्या जॅकेटांचा आणि कॉफीचा वास भरला होता, सतरंजीवर पंधरावीस पोरं मांडी घालून, लोळून, एकमेकांवर रेलून बसली होती. हिरव्या चष्म्याची तरुण ग्रंथपाल पळत आली. "मिस्टर मेश्राम! तुम्हाला एक गंमत सांगायचीय. तीन घरांनी तीन भाषांतून एकच शब्द दिलाय. म्हणजे ऐकायला एकच. मी तुम्हाला शेजारी शेजारी बसवलंय." शेजारच्या खुर्चीवर एक तिशीतला, दाट भुवयांचा माणूस होता. त्यानं उठून हात मिळवला, नाव रहमत, इथेच सॉफ्टवेअरमध्ये, गाव पाकिस्तानच्या उत्तरेकडे चित्रालच्या डोंगरात. त्याची भाषा फलूरा, तिला पालुलाही म्हणतात, दोन-तीन खोऱ्यांत बोलली जाते. ईश्वर शिक्षक होते हे कळताच तो हिंदी-उर्दूत शिरला. "तो फिर आप हमारे उस्ताद हुए, चाचा!" त्याच्या पलीकडे एक सत्तरीची बाई विणकामाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पांढरे केस कानामागे सारलेले, डोळे हसरे. ती वेरा. अलास्काच्या दक्षिण टोकाच्या एका बेटावरची, हैदा लोकांतली.

रहमत आधी उठला. "माझ्या भाषेत ‘ना’ म्हणजे नाही," तो इंग्रजीत पोरांना म्हणाला. "माझ्या आईचा हा सगळ्यात आवडता शब्द. आई, अमेरिकेला येतेस? ना. औषध घेतलंस? ना. मग फोन ठेवू? ना!" पोरं हसली. मग त्यानं सांगितलं की हा शब्द क्रियापदाच्या पुढे उभा राहतो, दारावरच्या पहारेकऱ्यासारखा, आणि खेळच सुरू केला. तो म्हणे "खातो", पोरं ओरडत "ना खातो!" तो म्हणे "झोपतो", पोरं छप्पर उडवत "ना झोपतो!" ईश्वरच्या अंगातला मास्तर खुर्चीत मावेना. ते पुढे झुकून म्हणाले, "आमच्यात उलटं आहे. आमचा नकार मागून येतो. येत नाही, खात नाही."

रहमतनं डोळे मोठे केले. "म्हणजे चाचा, तुम्ही लोक आधी आशा लावता आणि मग पाणी फिरवता?"

"आणि तुम्ही आशाच लावू देत नाही!" ईश्वर म्हणाले, आणि दोघंही इतके हसले की ग्रंथपाल काय झालं म्हणून पाहू लागली. किती दिवसांनी असं हसलो, ईश्वरना वाटलं. एवढासा शब्द, आणि दोन डोंगरांपलीकडची माणसं त्याच्यावर बसून गप्पा मारताहेत.

वेरा उठली नाही, बसूनच बोलली, आणि खोली आपोआप शांत झाली. "माझ्या भाषेत ‘ना’ म्हणजे घर," ती म्हणाली. "त्याला छोटी शेपटी लावली की ‘नाय’, ते घर, तुम्हाला-मला माहीत असलेलं. आणि कुठेतरी राहणं, त्यालाही जवळपास हाच शब्द." तिनं पोरांकडून तो म्हणवून घेतला, हळू, खेळ न करता. मग सांगितलं की तिच्या आईला लहानपणी शाळेत हा शब्द उच्चारायची बंदी होती. उच्चारला तर शिक्षा. म्हणून आईनं तो घरीही उच्चारला नाही, आणि वेराला तो मिळालाच नाही. ती पन्नाशीला पोचल्यावर एका मावशीकडे जाऊन बसू लागली. "मी शिकायला गेले तेव्हा मला लाज वाटायची. मला एखादाच शब्द यायचा. मी मावशीच्या स्वयंपाकघरात जाऊन म्हणायचे, ‘मासा.’ बस, एवढंच. आणि मावशी? मी जणू मोठं भाषणच केलं, असा चेहरा करून ती मला दहा वाक्यांत उत्तर द्यायची. मासा कुठला, कोणी धरला, किती खारट झालाय, तुझा काका कसा पाण्यात पडला. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी दोन शब्द घेऊन जायचे." ती हसली. "तिनं मला कधीच थांबवलं नाही. आधी मला भूक लागू दिली."

ईश्वरच्या छातीत काहीतरी हललं. दुःख म्हणावं असं नव्हतं ते. बंद खोलीची खिडकी कोणी बाहेरून ढकलावी तसं. जाईबाई आठवली, पण ओसरीसमोरची नव्हे. चुलीपुढची. तिनं तरी आपल्याला कुठे थांबवलं होतं? आपण ‘आये, म्हैस’ एवढंच म्हणायचो, आणि ती म्हशीची सात पिढ्यांची कथा काढायची. वाक्य पुरं करण्याचं ओझं तिनं पोरावर टाकलंच नव्हतं. ते तिनं आपल्या डोक्यावर घेतलं होतं. आपण तिचा उपदेश तेवढा उचलला आणि तिची रीत चुलीपाशीच विसरून आलो.

"मिस्टर मेश्राम?" ग्रंथपाल म्हणाली. त्यांचा नंबर आला होता. ते उठले, केया बरोबर उठली आणि त्यांच्या स्वेटरची कड धरून उभी राहिली. खोलीभर पोरांचे डोळे आपल्याकडे लागलेले दिसले आणि ईश्वर, काय सांगावं, वाहवत गेले. मराठीत ‘ना’ नकाराचा असतो, तो विनवणीचा असतो, तो होकार मागणारा असतो. व्याकरणात त्याला अव्यय म्हणतात, अव्यय म्हणजे ज्याच्यात बदल होत नाही तो. तो लिंग पाळत नाही, वचन पाळत नाही, संन्याशासारखा असतो. त्यांची इंग्रजी बैलगाडीच्या चालीनं निघाली होती आणि बैल थांबायला तयार नव्हते. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं जांभई दिली. दुसऱ्यानं तिसऱ्याच्या बुटाची नाडी सोडली. ईश्वरना दिसत होतं, पण संस्कृतातून तो कसा आला एवढं तरी सांगावं म्हणून त्यांनी श्वास घेतला, आणि स्वेटरला हिसका बसला.

"आजोबा, थांब ना."

मराठीत. सगळ्यांसमोर. वर पाहून, कपाळाला आठी घालून, थेट त्यांना. पाठीमागून रहमत फसकन हसला, त्याला ‘थांब’ कळलं नसलं तरी पोरीचा सूर जगातल्या कुठल्याही माणसाला कळला असता. आणि ईश्वरच्या घशात, तीस वर्षांच्या जुन्या वाटेनं, ते वाक्य वर चढू लागलं. थांब काय? ते जिभेपर्यंत आलं. ओठ उघडले होते. केया त्या उघडलेल्या ओठांकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत ती वाट पाहणारी, मान खाली घालायच्या तयारीत असलेली पोर त्यांना स्पष्ट दिसली.

त्यांनी ओठ मिटले. सतरंजीच्या कडेला पोरांसाठी ठेवलेली एक बुटकी खुर्ची होती, तिच्यावर ते गुडघे वर करून बसले, तिच्यापेक्षा ठेंगणे झाले, आणि म्हणाले, "बोल."

केयाला ते खरं वाटेना. तिनं एकदा मागे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग पोरांकडे तोंड करून, पण आजोबांनाच सांगावं तसं, ती बोलली, आणि मराठीतच बोलली. "प्लीज ना, कोणाला पण म्हणतात. दुकानचा माणूसला म्हणतात. टीचरला म्हणतात. पण ना..." ती अडली. तिनं हवेत बोटं हलवली, जणू शब्द तिथेच कुठेतरी लोंबत होता. ईश्वरना तो माहीत होता. त्यांनी तो दिला नाही. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले आणि गप्प राहिले. इतकं अवघड गप्प राहणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. "ना फक्त ज्याला हात धरतो ना, त्याला म्हणतात. तो ऐकते. म्हणून म्हणतात."

चुका त्यांच्या कानानं आपसूक मोजायला घेतल्या. एक, दोन, तीन. मग मोजणं कुठेतरी सुटलं, कारण डोळ्यांपुढे पोरं अंधूक झाली होती.

"काय म्हणाली ती?" वेरानं विचारलं.

ईश्वरनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं, जपून, एकही शब्द न घालता, एकही न काढता. "ती म्हणते, प्लीज कोणालाही म्हणता येतं. ना फक्त त्याला म्हणायचं, ज्याचा हात आपण धरतो. कारण तो ऐकतो." वेरानं विणकाम मांडीवर ठेवलं आणि केयाला उद्देशून स्वतःच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली, चांगलं चारपाच वाक्यांचं. केयाला त्यातलं काही कळलं नाही. पण ती लाल झाली, हसली, आणि म्हणाली, "हो ना."

बाहेर आले तेव्हा पाऊस ओसरून नुसतं तुषारांचं धुकं उरलं होतं. उपासना ऑफिसच्या कामात अडकली होती म्हणून दोघं थांब्यावर उभे राहिले. बोलणं केयानं सुरू केलं. आधी एक शब्द. "गोगलगाय." ईश्वर म्हणाले, "अगं बाई, गोगलगाय! केवढी? शिंगं बाहेर काढलेली की आत घेतलेली? आमच्याकडे तर ती पावसाळ्यात दगडी पाळीवर चढायची आणि तुझी पणजी तिला म्हणायची, सावकाश जा माय, कोणाची घाई आहे?" आणि मग धरणच फुटलं. "आजोबा, निहार ना, माझा वर्गचा निहार, तो गोगलगाय आणला शाळात. डब्यामध्ये. चार आणला. आणि आम्ही ना, रेस लावला. आणि टीचर ना, तिला काहीच माहिती नाही, ती लिहिते फळ्यावर. आणि मग मी बघितली, एक गोगलगाय नाहीच! तीनच आहे! निहार रडला. मी नाही रडला. मी टेबलखाली गेली..." हात, डोळे, रेनकोटची टोपी, सगळं मिळून बोलत होतं. ईश्वर "मग?" म्हणत होते. "अरे देवा," म्हणत होते. "मग?"

बस आली. थांब्याशी येऊन वाकली, दारं सुस्कारा टाकून उघडली, आतला पिवळा उजेड त्यांच्या बुटांवर पडला. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे पाहिलं. गोष्टीतली केया अजून टेबलाखालीच होती, चौथी गोगलगाय शोधत, डोळे विस्फारलेले. ईश्वरनी ड्रायव्हरला हात हलवला, तुम्ही व्हा पुढे. दारं मिटली, बस पाणी उडवत निघून गेली.

"आजोबा! आपला बस गेली!"

"जाऊ दे," ईश्वर म्हणाले. "गोगलगाय कुठे गेली?"